दोन बोटं उघडी खिडकी

आधीच सांगतो, यात रात्र नाही. ओसाड बंगला नाही, विहीर नाही, पांढऱ्या साडीतली बाई तर अजिबात नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. गुरुवारी, बारा ते दीडच्या मध्ये. एका घराच्या गॅरेजमध्ये आणि त्याच घराच्या फाटकाबाहेर.

ऐकीव नाही. मी स्वतः तिथे होतो.

या पानावरच्या गोष्टी मी बरीच वर्षं वाचतोय. वाचायचो आणि हसायचो. कुणी लिहिलं की छातीवर कोणीतरी बसलं होतं, तर मी खाली लिहायचो, 'भाऊ, रात्री कमी जेवत जा.' त्या सगळ्यांची आज माफी मागतो.

मी गाड्यांच्या काचा बसवतो. एकोणीस वर्षं झाली. हातात काच घेतली की तिच्याबद्दल सगळं सांगू शकतो, कुठे ताण आहे, कुठून फुटेल, कशाने फुटली. त्यामुळे मला काचेबद्दल कुणी थाप मारली तर लगेच कळतं.

ज्या गिऱ्हाइकाची ही गोष्ट, त्याने फोनवरच थाप मारली होती.

"स्पोर्ट्स कारची मागची काच आहे," तो म्हणाला. "पोरांनी दगड मारला. घरी येऊन बसवाल?"

"येईन की. मॉडेल सांगा, काच मागवतो."

मॉडेल सांगितलं. पण फोन ठेवला नाही. 

"याआधी दोघांनी बसवली होती," तो म्हणाला. "टिकली नाही."

"म्हणजे त्यांनी नीट बसवली नाही," मी म्हणालो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"एक विचारू? काच बसवताना... मागच्या सीटवर बसावं लागतं का?"

असला प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

काच यायला आठवडा लागला. ज्या दिवशी जायचं ठरलं त्याच दिवशी सकाळी मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू गावाला गेल्या. उन्हाळ्याची सुट्टी होती. बायको ऑफिसला. आमची मुलगी पाच वर्षांची, तिला घरी सगळे मुंगी म्हणतात. एका जागी बसत नाही आणि सापडेल ते तोंडात घालते, म्हणून मुंगी.

"घेऊन जा बरोबर," बायको म्हणाली. "पण नजरेसमोर ठेव हं."

"ठेवतो गं. माझीच पोरगी आहे."

ते घर शांत गल्लीत होतं. फाटकाबाहेर मोठं झाड. झाडाच्या सावलीत व्हॅन लावली. मुंगीला आत न्यायचा विचार होता, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि बेत बदलला. जमिनीवर काचेचे बारीक तुकडे पसरलेले. त्यात चिकटवायच्या सीलंटचा वास डोक्यात जातो. ही पोरगी सगळं तोंडात घालणारी.

व्हॅनच बरी, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

पुढच्या सीटवर बसवलं. रंगाची वही दिली, पाण्याची बाटली दिली.

"बाबा, किती वेळ?"

"दहा मिनिटं. मग बघायला येतो."

खिडक्या बटणाच्या, किल्लीशिवाय हलत नाहीत; त्या पूर्ण वर केल्या आणि दारं लॉक केली. दोन वर्षांपूर्वी थोड्या उघड्या खिडकीतून तार घालून कुणीतरी माझी हत्यारं पळवली होती. तेव्हापासून व्हॅन सोडताना काचा वर, हा नियम. तिच्या बाजूच्या दाराचं आतलं हँडल महिन्याभरापासून तुटलेलं होतं. बायको रोज टोमणा मारायची, जगाच्या गाड्या दुरुस्त करतो आणि स्वतःची तशीच. माझ्या बाजूचं लॉक इतकं घट्ट की ते मलाच जोर लावून उचलावं लागायचं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दार लावलं.

गाडी लाल होती. ठेंगणी, दोन दारांची. मागे दोन सीट, त्याही नावापुरत्या. मागे बसलेल्याला बाहेर यायचं तर पुढची सीट कुणीतरी वाकवून द्यावी लागते. मागच्या खिडक्या उघडतच नाहीत.

मालक गॅरेजच्या उंबऱ्यावर उभा. चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एकेक घर चुकवून लावलेली.

"आत या ना," मी म्हणालो.

"नको. इथूनच बरं."

मी वाकून पाहिलं आणि थांबलो.

मागची काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते. फुटली की तिचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात. बाहेरून दगड लागला तर ते तुकडे आत सांडतात. सीटवर, खाली, सीटच्या फटीत. महिनाभर निघत राहतात.

इथे सगळे तुकडे बाहेर होते. डिकीवर, बंपरवर, मागे जमिनीवर.

आत... एकही नाही.

मी सीटच्या फटीत बोटं घालून पाहिली. कणसुद्धा लागला नाही.

"साहेब, ही काच आतून फुटली आहे," मी म्हणालो. "पोरं गाडीत बसून दगड मारत होती की काय?"

मला वाटलं हसेल.

त्याने माझ्याकडे पाहिलं फक्त. "गाडी बंद होती," तो म्हणाला. "किल्ली घरात होती. गॅरेजला कुलूप होतं." आणि घरात निघून गेला.

मी कामाला लागलो. तुकडे झाडले. चौकटीला चिकटलेली जुनी काच आणि सीलंट कटरने काढायला घेतलं. त्यासाठी मागच्या सीटवर गुडघा टेकावा लागतो.

टेकला आणि झटकन उचलला.

सीट गरम होती.

गॅरेज थंडगार होतं. खाली सिमेंट, वर स्लॅब, उन्हाची तिरीपसुद्धा नाही. गाडी आठवडाभर तिथेच उभी. पुढच्या सीटला हात लावला, थंड. मागची डावी सीट थंड. फक्त उजवी... तापलेली. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची सीट असते तशी.

त्या सीटच्या चामड्यावर दोन खोल खुणा होत्या, आणि पाठीवर एक घासलेला पट्टा. त्या खुणा मी ओळखतो. लहान मुलांची वेगळी सीट बरीच वर्षं एका जागी बांधून ठेवली की अशा पडतात.

ती सीट मात्र आता नव्हती.

मी बाहेर आलो. व्हॅनकडे गेलो. मुंगीने हत्तीला हिरवा रंग दिला होता. दार उघडून तिची पाठ थोपटली, पुन्हा लॉक केलं.

"झालं बाबा?"

"दहा मिनिटं अजून."

आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण माझी चूक इथे आहे.

गाडीवर वाकून काम करताना आम्ही खिसे रिकामे करतो. किल्ली, फोन, घड्याळ, अंगठी, सगळं काढून हत्यारांच्या पेटीत. गिऱ्हाइकाच्या रंगावर ओरखडा नको. मीही काढलं. म्हणजे व्हॅनची किल्ली पेटीत, आणि वेळ सांगणारी प्रत्येक वस्तू पेटीत.

दुसरी गोष्ट. चौकटीवर सीलंटची पट्टी ओढली की मागे फिरता येत नाही. थोड्याच वेळात वरून साय धरते. त्याआधी काच बसलीच पाहिजे.

मी पट्टी ओढली.

काच जड होती. एकट्याला झेपेना. मालकाला हाक मारली. तो आला, उंबऱ्यावर थबकला, मग डोळे मिटून आत आला. आम्ही दोघांनी रबरी कप लावून काच उचलली.  काच टेकली तसा तो मागे सरकला आणि जवळजवळ पळतच बाहेर गेला.

मी वाकून पाहिलं. काच दोन मिलिमीटर डावीकडे बसली होती. जगात कुणाला दिसलं नसतं. पण मला दिसत होतं, आणि माझ्याआधी दोघांनी बसवलेली टिकली नव्हती. मी पुन्हा कप लावले. सरकवली. मागे जाऊन पाहिलं. पुन्हा सरकवली. मला माझ्या कामाचा फार गर्व आहे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला दहा मिनिटं वाटली.

सीलंट सुकेपर्यंत काच हलू नये म्हणून टेप लावत होतो तेव्हा दिसलं.

नव्या काचेवर, आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात... वाफ धरली होती.

एवढीशी. वाटीच्या तोंडाएवढी.

मी दार उघडून आत वाकलो आणि फडक्याने पुसली. बाहेर येऊन पाहिलं.

पुन्हा आली होती.

विरली... परत धरली. विरली... परत धरली. कोणीतरी काचेला तोंड लावून श्वास घेतंय, पण श्वास पुरत नाही, अशी.

 मी स्वतःला म्हटलं, नवी काच, गरम सीट, दमट हवा. आहे त्यात कारण. असतं कारण.

मग मी रोजची शेवटची गोष्ट केली. पुढच्या दाराची खिडकी दोन बोटं खाली घेतली. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नव्या काचेची गाडी कधी पूर्ण बंद ठेवायची नाही. कुणी दार आपटलं तर आतल्या हवेला जागा मिळत नाही, ती ओली काच ढकलते. एकोणीस वर्षांत मी एकही गाडी दोन बोटं उघडी न ठेवता सोडलेली नाही.

खिडकी खाली आली... आणि वाफ थांबली.

सीटवर हात ठेवला. थंड पडत होती.

जीव भांड्यात पडला. मी पेटी आवरायला वाकलो.

ठक.

मागून. नव्या काचेतून.

ठक... ठक.

लहान मुठीचा आवाज. आत कोणी नव्हतं. मी खाली वाकून सीटच्या मागे, खाली, सगळीकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"कोण आहे?" असं मी विचारलं. रिकाम्या गाडीला. आता हसा.

ठक ठक ठक ठक ठक...

यावेळी जोरात. घाईने. चिडून. आणि मग आवाज सरकला. काचेतून भिंतीकडे, भिंतीतून दाराकडे, दारातून बाहेर फाटकाच्या दिशेने. कोणी मला ओढत बाहेर नेत असावं तसा.

फाटकाच्या दिशेने.

 मी पेटीतलं घड्याळ पाहिलं.

पाऊण तास झाला होता.

मी तसाच धावलो. झाडाची सावली सरकून पलीकडच्या भिंतीवर गेली होती. व्हॅन पूर्ण उन्हात उभी होती.

मुंगी खिडकीला टेकून बसली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. डोळे अर्धे मिटलेले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. खिडकीवर तिच्या तोंडासमोर वाफ. विरत होती, धरत होती.

मी खिशात हात घातला.

किल्ली पेटीत.

पेटी गॅरेजमध्ये.

मी दार ओढलं. मी काचेवर मूठ मारली. एकोणीस वर्षं काचा बसवणाऱ्या माणसाला काच कशी फोडायची ते सुचेना. कोपऱ्यावर टोकदार काहीतरी मारायचं, एवढंच तर. हातात काही नव्हतं. मी मागे वळलो, धावायला म्हणून एक पाऊल टाकलं...

आणि मागे काच फुटली.

मी हात लावला नव्हता. जवळपास कोणी नव्हतं. दगड नाही, काठी नाही.

सगळे तुकडे माझ्या पाठीवर आले, माझ्या बुटांवर आले, रस्त्यावर सांडले.

मुंगीच्या अंगावर... एकही नाही. केसांत नाही, मांडीवर नाही, हिरव्या हत्तीवर नाही.

मी तिला खिडकीतून बाहेर ओढलं. मालक आवाज ऐकून धावत आला.  आत जाऊन पाण्याची बादली आणि ओला टॉवेल घेऊन आला. काय करायचं ते त्याला नीट माहीत होतं. आधी मान, मग काखा, मग घोट घोट पाणी. मुंगी रडली तेव्हा मीही रडलो.

मग तो फाटकापाशी जमिनीवरच बसला. इस्त्रीचा शर्ट धुळीत.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"मी... दहा मिनिटं म्हणालो होतो."

"मीही," तो म्हणाला.

मी किल्ली आणली आणि मुंगीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासलं. थोडक्यात वाचली म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं. व्हॅनमध्ये परत येताना मुंगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, मी ठोकलं तर आवाजच येत नव्हता."

"हो गं राणी. चुकलं माझं."

"मग ती म्हणाली, मी ठोकते. तिला येतं ठोकायला."

मी व्हॅन कडेला घेतली.

"कोण ती?"

"तुझ्या सीटवर बसली होती ती. ती म्हणाली, डोळे मीट, आता काच उडेल."

मी त्याच सीटवर बसलो होतो.

घरी गेल्यावर बायकोने खिडकी पाहिली. "हे काय झालं?"

तोंडातून जे निघालं ते मी ठरवलं नव्हतं. "पोरांनी दगड मारला," मी म्हणालो. "पळून गेली."

त्या माणसाचंच वाक्य. जसंच्या तसं.

आणि जिन्यात मुंगीला बाजूला घेऊन मी आधीच सांगून ठेवलं होतं, आईला काही सांगायचं नाही हं, आई रडेल. तिने मान हलवली. पाच वर्षांच्या पोरीने बापासाठी तोंड बंद ठेवलं. अजून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी व्हॅनला नवी काच बसवली. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर लावली, सवयीने खिडकी पूर्ण वर केली आणि जेवायला गेलो. परत आलो तर काच रस्त्यावर. आत कण नाही. पुन्हा बसवली. पुन्हा तेच. बायको म्हणाली, "तुझ्यावर कोण एवढं चिडलंय रे?" मी म्हणालो, "पोरं आहेत."

आता खिडकी नेहमी दोन बोटं उघडी असते. हत्यारं काढून घरात आणतो. काच टिकली आहे.

सव्वा महिन्याने त्या मालकाचा फोन आला. मला वाटलं तक्रार असेल.

"काच शाबूत आहे," तो म्हणाला. "सीट आता गरम लागत नाही. मी काल मागे बसलो. तासभर बसलो. काहीच नाही हो. वाफ नाही... आवाज नाही."

"मग चांगलंच झालं ना, साहेब."

 तो लहान आवाजात म्हणाला,

"तुमच्याकडे आली का?"

मी "नाही" म्हणालो.

फोन ठेवला आणि खाली व्हॅनपाशी गेलो. माझ्या बाजूची काच बंद नव्हती. उन्हातही नव्हती. तरी तिच्यावर, आतून, खालच्या कोपऱ्यात वाफ धरली होती. मी उभा राहून पाहत राहिलो. यावेळी ती विरली नाही. आणि मुंगी रोज शाळेत जाताना व्हॅनमध्ये कुणाशी तरी बोलते. मी विचारलं की गप्प बसते. तोंड बंद ठेवायला मीच तर शिकवलं.

मला भीती कशाची वाटते ते सांगतो. तिने माझी पोरगी वाचवली, तिची भीती मला नाही. पण ती गेली नाही. कुणीतरी खरं सांगेल याची ती वाट बघत बसली आहे. ज्या गाडीत ती गुदमरली त्या गाडीची काच दगडाने फुटली असं तिचा बाप सगळ्यांना सांगत राहिला, आणि ती पुन्हा पुन्हा फोडत राहिली. आता तेच वाक्य मी बोलतोय.

त्या माणसाला मी उद्या फोन करणार आहे. 'हो, इकडे आहे,' एवढंच सांगेन. पण त्याआधी हे.

हे पान तू रोज दुपारी ऑफिसात डबा खाताना वाचतेस. मला माहीत आहे. मी कुणाचं नाव लिहिलं नाही, गल्ली लिहिली नाही. पण 'मुंगी' वाचलंस तेव्हाच तुझा घास थांबला असेल.

संध्याकाळी घरी आलीस की मुंगीला जवळ घे. तिला म्हण, आता सांगितलंस तरी चालेल.

दगड कुणी मारला नव्हता गं. मी तिला गाडीत बंद करून गेलो होतो.